आईवर नाही, आजीवर!
रायगडच्या किनाऱ्यावर झाडांच्या दोन पिढ्या

मंडळी, घरात मूल जन्माला आले की म्हाताऱ्या बायका पहिल्यांदा काय पाहतात? नाक कोणाचे, कपाळ कोणाचे. मग कोणीतरी म्हणतेच, "पोर आईवर नाही हो गेली, आजीवर गेली!" माणसांत ही गोष्ट कौतुकाने बोलायची. पण झाडांत एक मोठे कूळ असे आहे की तिथे लेक आईसारखी कधीच नसते. ती नेमाने आजीवर जाते. आई आणि लेक शेजारी शेजारी ठेवल्या तर या एका घरातल्या आहेत असे कोणी म्हणणार नाही.

हे कूळ कुठे दूरदेशी आहे असे समजू नका. ते तुमच्या विहिरीच्या भिंतीला आहे, भाताच्या खाचरात आहे, माडाच्या पोयीत आहे आणि समुद्राच्या खडकावरही आहे. हे सगळे एकाच फेरीत पाहायचे असेल तर भाद्रपदात रायगडच्या किनाऱ्याला चला. 1981 पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. जुनी माणसे अजून तेच म्हणतात. तुम्ही देशावरचे असाल तर किनारा पाहणे होईल. कोकणातलेच असाल तर रोजचेच रान जरा वेगळ्या डोळ्यांनी पाहणे होईल.

कार्लेखिंडीतला नेचा

पेणहून अलिबागला येताना कार्लेखिंड लागते. पावसाळ्यात इथला खडक पाझरत असतो. त्या ओल्या खडकाला काळ्या, तारेसारख्या बारीक देठाचा नाजूक हिरवा पाला दिसेल. तो हंसराज. मोठ्या झाडांच्या खोडावर नवरदेवाच्या बाशिंगासारखी पाने उभी दिसली तर ते बाशिंग. ही दोन्ही नेच्याच्या कुळातली. यांना फूल नाही, फळ नाही, बी नाही.

मग ही वाढतात कशी? नेच्याचे पान उलटून पाहा. मागे तपकिरी ठिपके किंवा रेघा दिसतील. पुष्कळांना वाटते की पानावर रोग पडला. तो रोग नव्हे. त्या ठिपक्यांत धुळीसारखे बीजाणू भरलेले असतात. ते वाऱ्याने उडतात आणि ओल्या जागी रुजतात. पण रुजून त्यांचा नेचा होत नाही. होते ती हिरवी, पातळ, विड्याच्या पानाच्या आकाराची एक टिकली. बोटाच्या नखाहूनही लहान. तिला देठ नाही, पाने नाहीत, खरी मुळेसुद्धा नाहीत. विहिरीच्या विटांवर अशा टिकल्या शेकड्यांनी असतात. आपण शेवाळ म्हणून त्या खरवडून टाकतो.

ही टिकली म्हणजे नेच्याची लेक. तिच्या खालच्या अंगाला नर पेशी आणि मादी पेशी तयार होतात. पावसाचे थेंबभर पाणी मिळाले की नर पेशी त्यात पोहत जाते आणि मादी पेशीला मिळते. त्या मीलनातून जे उगवते तो पुन्हा नेचा. म्हणजे नेचा, टिकली, नेचा, टिकली असा क्रम अखंड चालू. नात आजीसारखी आणि मधली आई वेगळीच. शास्त्रात याला पिढ्यांची अदलाबदल, म्हणजे पिढ्यांचे एकांतरण म्हणतात.

नेच्याला ओल का लागते याचे उत्तरही इथेच आहे. थोरला नेचा थोडीफार कोरड सोसतो. बाशिंग तर उन्हाळाभर सुकून बसते आणि पाऊस आला की पुन्हा हिरवे होते. पण त्या नखाएवढ्या लेकीला लग्न लावायला पाणी हवेच. पाणी नाही तर पुढचा वंश नाही.

एकपदरी आणि दुपदरी

आता या दोन पिढ्यांत नेमका फरक काय तो समजून घेऊ. वातीचा किंवा शिवणाचा दोरा घ्या. एक पदर असला तर एकपदरी. दोन पदर पिळले की दुपदरी. झाडाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रे असतात आणि झाडाचे गुण त्यांवर लिहिलेले असतात. भाताच्या पेशीत ती 24 असतात. त्यांतली 12 आईकडची आणि 12 बापाकडची. म्हणजे भाताचे रोप दुपदरी. आंब्यात 40, माडात 32, माणसात 46. ही सगळी दुपदरीच.

बीजाणू तयार होताना दोराचे दोन पदर सुटे होतात. प्रत्येक बीजाणूच्या वाट्याला एकच पदर येतो. म्हणून बीजाणूतून उगवणारी पिढी एकपदरी. पुढे तिच्या नर आणि मादी पेशी मिळाल्या की पुन्हा दुपदरी पिढी सुरू होते. नेचा दुपदरी, टिकली एकपदरी. एवढे ध्यानात ठेवा, पुढची सगळी वाट सोपी होईल.

खिंडीतल्या मातीच्या कडेला मखमलीसारखी हिरवी हरिताही असेल. तिच्या घरात कारभार उलटा. हरितेचा हिरवा गालिचा ही एकपदरी पिढी. पावसाच्या शेवटी त्यावर बारीक काडी आणि काडीच्या टोकाला डबी येते, ती दुपदरी लेक. ती आयुष्यभर आईच्या अंगावरच राहते आणि आईच्या जिवावर जगते. नेच्यात दुपदरी पिढी थोरली, हरितेत एकपदरी. कोणाच्या घरात सासूचा कारभार, कोणाच्या घरात सुनेचा!

हे सगळे एका सूत्रात पहिल्यांदा गुंफले ते जर्मनीतल्या लाइपझिगच्या विल्हेल्म होफमाइस्टर यांनी. त्यांच्या घरी संगीताची पुस्तके छापण्या-विकण्याचा धंदा होता. विद्यापीठाची पदवी नाही, नजर अधू. धंदा सांभाळून उरल्या वेळात ते सूक्ष्मदर्शकातून झाडे पाहत. 1851 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी ग्रंथ लिहून दाखवून दिले की हरितेपासून बी धरणाऱ्या झाडांपर्यंत सगळ्यांच्या जन्मकथेत याच दोन पिढ्या आहेत. पुढे 1863 मध्ये हायडेलबर्गच्या विद्यापीठाने या पदवी नसलेल्या माणसाला बोलावून प्राध्यापक केले.

कुलाब्याच्या खडकावर

अलिबागला पोहोचलात की समोर पाण्यात कुलाबा किल्ला दिसतो. ओहोटीला चालत जाता येते. पण पावसाळ्याच्या दिवसांत तिथल्या कोळ्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. भरती कोणासाठी थांबत नाही.

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या अशा खडकांवर ओल्या पातळ कागदासारखे हिरवेगार शेवाळ असते. त्याचे शास्त्रीय नाव उल्वा. जाडी अवघी दोन पेशींची. यातही एकपदरी आणि दुपदरी अशा दोन पिढ्या आळीपाळीने येतात. पण गंमत अशी की दोघी दिसायला जुळ्या बहिणींसारख्या. साध्या डोळ्यांनी ओळखता येणार नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र कळते. एकीच्या काठातून सुटणाऱ्या पेशींना पोहायला दोन शेपट्या, दुसरीच्या पेशींना चार.

दुसरे एक शेवाळ त्याहून महत्त्वाचे आहे. कोकण आणि गोव्याच्या खडकांवर ऐन पावसाळ्यात तांबूस-जांभळट, अगदी तलम शेवाळ उगवते. ते पोर्फिरा. पाऊस सरला की नाहीसे होते. मग पुढच्या पावसाळ्यात ते येते कुठून?

हा प्रश्न जपानच्या किनाऱ्यावरच्या लोकांच्या पोटाचा होता. तिथे याच कुळातले शेवाळ 'नोरी' या नावाने खातात. सुकवून कागदासारखे ताव करतात आणि त्यात भात गुंडाळतात. शेकडो वर्षे ते लोक थंडीच्या तोंडावर उथळ खाडीत बांबू रोवत आणि शेवाळ धरण्याची वाट पाहत. एखाद्या वर्षी भरघोस येई, एखाद्या वर्षी काहीच नाही. बी कुठून येते हेच ठाऊक नव्हते, मग पेरणार काय? त्याला ते जुगाराचे पीक म्हणत. 1948 च्या सुमारास पीक इतके बुडाले की पुष्कळ घरे अडचणीत आली.

उत्तर आले ते हजारो मैलांवरून. इंग्लंडमधल्या मँचेस्टरला कॅथलीन ड्र्यू-बेकर नावाच्या बाई शेवाळांचा अभ्यास करत. लग्न झालेल्या बाईला तिथल्या विद्यापीठात तेव्हा पगारी नोकरी मिळत नसे. म्हणून त्या बिनपगारी काम करत. त्यांनी पोर्फिराचे बीजाणू शिंपल्यांवर वाढवून पाहिले. बीजाणू शिंपल्याच्या आत शिरले आणि त्यांचे गुलाबी, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे झाले. हे गुलाबी धागे शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होते, पण ते वेगळेच शेवाळ समजून त्याला वेगळे नाव दिले होते. बाईंनी 1949 मध्ये प्रसिद्ध केले की ही दोन झाडे नव्हेत, एकाच झाडाच्या दोन पिढ्या आहेत. पानासारखी पिढी एकपदरी आणि शिंपल्यातली धाग्यासारखी पिढी दुपदरी.

जपानी शास्त्रज्ञांनी ही गोष्ट उचलली. शिंपले टाक्यांत ठेवून त्यांत धागे वाढवायचे, योग्य वेळी त्यांतून सुटणारे बीजाणू जाळ्यांवर धरायचे आणि ती जाळी समुद्रात ताणायची. जुगाराचे पीक पेरणीचे पीक झाले. बाई 1957 मध्ये वारल्या. जपान त्यांनी कधी पाहिला नाही. पण तिथल्या उतो गावी नोरी पिकवणाऱ्यांनी 1963 मध्ये त्यांचे स्मारक उभारले. दर वर्षी 14 एप्रिलला तिथे त्यांचे स्मरण करतात. 'समुद्राची आई' असे नाव त्यांना दिले.

ही गोष्ट लांबची म्हणून सोडून देऊ नका. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत आपल्याकडेही समुद्री शेवाळाच्या शेतीला पैसा देण्यात आला. उद्या तुमच्या गावात कोणी ही शेती सुचवली तर पहिला प्रश्न विचारा : याचे बी कोणते आणि ते कुठून येणार? तमिळनाडूत जे काप्पाफायकस शेवाळ लावतात त्याचे तुकडे तोडून उसाच्या कांडीसारखे पुन्हा बांधतात. पिढी बदलतच नाही. काम सोपे, पण सगळे पीक एकाच रक्ताचे. 2013 नंतर तिथे हे पीक मोठ्या प्रमाणावर मेले. सगळ्यांची प्रकृती सारखी असली की एकाला जे बाधते ते सर्वांना बाधते.

चौल-रेवदंड्याच्या वाडीत

अलिबागहून दक्षिणेला निघालात की चौल आणि रेवदंडा लागतात. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या. रेवदंड्याला पोर्तुगीजांच्या किल्ल्याच्या तटाआतही माड उभे आहेत. तुम्ही म्हणाल, माडाला फूल आहे, फळ आहे. इथे कुठली आली दुसरी पिढी? आहे. फक्त ती लपली आहे.

माडाची पोय फुटली की फुलोऱ्याच्या काड्यांवर बारीक नर फुले शेकड्यांनी दिसतात आणि बुडाशी थोडी गोल मादी फुले. नर फुलातला परागकण ही साधी धूळ नाही. तीच एकपदरी पिढी, पण आता दोन-तीन पेशींएवढीच उरलेली. आणि मादी फुलाच्या पोटात तशीच आणखी एक एकपदरी पिढी आहे, मूठभर पेशींची. विहिरीवरच्या टिकलीच्याच या बहिणी. पण त्या उघड्यावर संसार करत नाहीत, फुलाच्या आत पडद्यात राहतात. म्हणूनच माडाला लग्नासाठी पावसाचा थेंब लागत नाही. वारा आणि मधमाशी पराग आणून देतात.

उंच जातीच्या माडात एका पोयीतली नर फुले आधी उमलून झडतात आणि मादी फुले मागाहून तयार होतात. म्हणून पराग बहुतेक दुसऱ्या माडाचा लागतो. वाडीत मधमाश्या टिकल्या तर फळधारणा टिकते. फुलोऱ्यावर विषारी फवारे मारताना हे ध्यानात असू द्या.

शहाळ्याचे पाणी पिताना आणखी एक गोष्ट आठवा. परागातून दोन नर पेशी येतात. एक मादी पेशीला मिळते आणि तिचा कोंब होतो. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी जो मऊ असतो त्याच्याखाली तो असतो. दुसरी नर पेशी मादी पिढीच्या दोन केंद्रांना मिळते आणि तीनपदरी शिदोरी तयार होते. शहाळ्याचे पाणी आणि खोबरे म्हणजे ती शिदोरी. आईचे दोन पदर, बापाचा एक. हे दुहेरी मीलन 1898 मध्ये रशियातल्या नावाशिन यांनी दाखवले. आपल्या ताटातला पांढरा भातही असाच तीनपदरी आहे.

भाताचा तासभर

रेवदंड्याची खाडी ओलांडून काशीद, नांदगाव, मुरूडकडे वळलात की एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला भाताची खाचरे. भाद्रपदात हळवे भात फुलोऱ्यात असते, गरवे मागून येते. सकाळी नऊ-दहाला बांधावर उभे राहा. लोंबीवरची तुसे उघडतात, पिवळसर केसर बाहेर लोंबतात आणि तासाभरात तूस पुन्हा मिटते. दुपारपर्यंत त्या दिवसाचा सगळा समारंभ आटोपतो.

या तासात भाताची एकपदरी पिढी बाहेर पडते, काम करते आणि मरते. भाताचा परागकण तीन पेशींचा, बारा गुणसूत्रांचा. बाहेर पडल्यावर तो जेमतेम काही मिनिटे जगतो. तेवढ्यात तो पोहोचला तर दाणा भरणार, नाहीतर पळिंज. चार महिन्यांची मेहनत या मिनिटांवर टांगलेली असते. फुलोऱ्यात सकाळी जोराचा पाऊस झाला की शेतकरी कपाळाला हात लावतो तो याचसाठी. पारा 35 अंशांच्या वर गेला तरी हा पराग निकामी होतो. उन्हाळी भात करणाऱ्यांनी म्हणून पेरणी लांबवू नये. आपल्या हातात आणखी दोन गोष्टी आहेत : फुलोऱ्यात खाचर कोरडे पडू देऊ नका आणि त्या दिवसांत फवारणी करणे भागच असेल तर सकाळी न करता दुपारनंतर करा.

संकरित भाताचे बी पुन्हा का पेरू नये, याचे उत्तरही याच चिमुकल्या पिढीकडे आहे. याच जिल्ह्यातल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून 1998 मध्ये 'सह्याद्री' हा संकरित भात बाहेर पडला. असे संकरित बी करताना एक वाण मुद्दाम असा घेतात की त्याचा पराग जगतच नाही. म्हणजे त्याला शेजारच्या दुसऱ्या वाणाचाच पराग घ्यावा लागतो. त्यातून येणारे बी सारखे आणि जोमदार. पण हेच पीक तुमच्या शेतात फुलावर आले की पदर सुटे होतात. दर परागकणाला पत्त्यांसारखी वेगळीच वाटणी मिळते. मग त्याचे दाणे पेरले तर एक रोप उंच, एक बुटके, एक लवकर, एक उशिरा. बियाणेवाला फसवतो असे नव्हे. पिढी बदलली. सुधारित, सरळ वाणाचे मात्र तसे नाही. त्यात दोन्ही पदर जवळजवळ सारखेच असतात, म्हणून निवडून ठेवलेले घरचे बी काही वर्षे चालते.

वाटेत उकिरड्याच्या कडेला पांढऱ्या कर्ण्यासारख्या फुलांचा धोतरा दिसला तर त्यालाही एक नमस्कार करा. 1964 मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याचे परागकोश काचेच्या नळीत वाढवले. त्यातल्या परागांतून चक्क रोपे उगवली! जी पिढी कोट्यवधी वर्षे फुलात लपून बसली होती ती पुन्हा झाड होऊन उभी राहिली, एकपदरी झाड. अशा रोपाचा पदर औषधाने दुप्पट केला की दोन्ही पदर तंतोतंत सारखे होतात. सरळ वाण करायला एरवी सहा-सात पिढ्या निवड करावी लागते, ते काम एका पिढीत होते. भारतात लागलेला हा शोध आज जगभर भात आणि गव्हाचे वाण करणारे वापरतात.

हरिहरेश्वरला शेवट

आगरदांड्याहून दिघीला तरीने जा, मग दिवेआगर, श्रीवर्धन आणि शेवटी हरिहरेश्वर. देवदर्शन झाल्यावर प्रदक्षिणेची वाट समुद्राच्या कडेने जाते. लाटांनी जाळीसारखा कोरलेला तो खडक पाहण्यासारखा आहे. मात्र ओहोटी असेल तरच उतरा, खवळलेल्या समुद्रात मुळीच नाही.

दिवाळीनंतर कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर तपकिरी, मण्यांसारखे फुगे असलेले शेवाळ वाहून येते. ते सरगॅसम. किनाऱ्यावरचे लोक असे शेवाळ माडाच्या आळ्यात खत म्हणून घालतात. त्याच्यात स्वतंत्र एकपदरी पिढी उरलेलीच नाही. फक्त नर-मादी पेशी, आपल्यासारख्या. म्हणजे समुद्रात काय आणि शेतात काय, दुपदरी पिढी थोरली होत गेली आणि एकपदरी लहान होत गेली. लहान झाली, पण तिचे काम कमी झाले नाही.

घरी करून पाहा

घरी परतल्यावर मुलांना हाताशी घ्या. एका विटेवर उकळते पाणी ओता म्हणजे तिच्यावरचे जुने शेवाळ मरेल. ती ताटलीतल्या पाण्यात ठेवा. मागे तपकिरी ठिपके असलेले नेच्याचे पान दोन दिवस कागदात गुंडाळून ठेवा. कागदावर पडलेली बारीक पूड विटेवर फुंकरा आणि वर काचेची बरणी उपडी घाला. ऊन लागू देऊ नका, पाणी आटू देऊ नका. काही आठवड्यांत विटेवर हिरवी साय धरेल आणि पुढे विड्याच्या पानासारख्या टिकल्या दिसतील. मग वरून अधूनमधून पाण्याचे थेंब शिंपडा. काही महिन्यांत एखाद्या टिकलीतून मुडपलेले बारीक पान वर येईल. मुलांना सांगा, ही नात आली.

आणि पुढच्या भाद्रपदात सकाळी दहाला, भात फुलावर असताना, दोन मिनिटे बांधावर थांबा. लोंबीवरून जी पिवळी धूळ उडते ती धूळ नाही. ती तुमच्या भाताची मधली पिढी आहे. तिला काही मिनिटांचेच आयुष्य आहे, आणि तुमचे कोठार तिच्या हातून भरायचे आहे.